मात्रा बदलल्यानंतरचे सहा आठवडे

गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून असलेली अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथी प्रौढ माणसात जेमतेम १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते. परंतु तिच्यात तयार होणारी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे दूरच्या पेशींपर्यंत संदेश नेणारी रसायने, हृदयाच्या ठोक्यांपासून आतड्यांच्या हालचालींपर्यंत शरीरातील जवळजवळ प्रत्येक क्रियेचा वेग ठरवीत असतात. ही ग्रंथी मंदावली, शस्त्रक्रियेने काढावी लागली किंवा किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराने निकामी झाली, की तिचे संप्रेरक गोळीच्या रूपाने बाहेरून द्यावे लागते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते जन्मभर द्यावे लागते. एवढ्या दीर्घ उपचारात बदलाचे प्रसंग येणारच. तपासणीचा अहवाल पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा कमी करतात, दुकानात नेहमीची बाटली नसते म्हणून दुसऱ्या कंपनीची घ्यावी लागते, गरोदरपणात किंवा वजनात मोठा फरक पडल्यावर मात्रेचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो; आणि त्यानंतरचे काही आठवडे रुग्ण अशा थकव्यात काढतो, की ज्याचे कारण त्यालाही उमगत नाही आणि घरच्यांनाही पटत नाही. त्या आठवड्यांत शरीरात काय घडते हे ठाऊक झाल्याने थकवा लगेच कमी होत नाही, हे खरे. पण त्या थकव्याला कंटाळून घेतले जाणारे उतावळे निर्णय टाळता येतात, आणि थकवा लांबवण्याचे काम पुष्कळदा हे निर्णयच करीत असतात.

या उपचाराचा आरंभ १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क अवटू-न्यूनतेने, म्हणजे या संप्रेरकाच्या तुटवड्याने, अत्यवस्थ झालेल्या एका स्त्रीला टोचला, आणि त्या उपचाराच्या आधारावर ती पुढे २८ वर्षे जगली. अर्कातील गुणकारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे करण्यात अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या एडवर्ड केंडल यांना १९१४ च्या नाताळच्या दिवशी यश आले. त्यालाच पुढे थायरॉक्सिन हे नाव मिळाले. प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असल्यामुळे त्याला टी-४ असेही म्हणतात. त्यातील एक अणू निघून गेला की टी-३ हे अधिक प्रभावी संप्रेरक तयार होते, आणि ज्यांची स्वतःची ग्रंथी अजिबात काम करीत नाही त्यांच्या ऊतींमध्येही हे रूपांतर घडते असे १९७० मध्ये दिसून आले. म्हणूनच आज जगभर केवळ टी-४, म्हणजे लिव्होथायरॉक्सिनची गोळी, दिवसातून एकदा देण्याची पद्धत रूढ आहे. टी-३ ची गरज शरीर आपल्या सोयीने भागवून घेईल असे तीत गृहीत धरलेले असते.

बदलानंतरच्या थकव्याचे मर्म औषधाच्या संथपणात आहे. एखाद्या द्रव्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. तापावर घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल दोन-तीन तासांचा असतो, तर थायरॉक्सिनचा सुमारे सात दिवसांचा, कारण रक्तातील जवळजवळ सर्व थायरॉक्सिन प्रथिनांना चिकटलेले असते आणि त्यातील अत्यल्प अंशच कोणत्याही क्षणी पेशींना उपलब्ध असतो. याचा परिणाम असा, की नियमित गोळी घेणाऱ्याच्या शरीरात सुमारे दहा दिवसांच्या शोषित मात्रेइतका साठा कायम असतो. गच्चीवरच्या मोठ्या टाकीत येणाऱ्या पाण्याची धार थोडी मोठी केली, म्हणून टाकीतील पातळी त्याच दिवशी वर चढत नाही, तसेच येथे घडते. ७५ मायक्रोग्रॅमची मात्रा १०० वर नेली, तर अपेक्षित वाढीपैकी निम्मी वाढ पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, पाऊण दुसऱ्याच्या अखेरीस आणि जवळजवळ सगळी पाचव्या-सहाव्या आठवड्यात पदरात पडते. नवी गोळी घेऊन चार दिवस झाले तरी काहीच फरक नाही, ही तक्रार म्हणूनच अगदी खरी असते, आणि त्यावरून काढलेला ‘गोळी लागू पडत नाही’ हा निष्कर्ष तितकाच चुकीचा असतो. हाच संथपणा एका बाबतीत रुग्णाच्या बाजूने उभा राहतो: एखाद्या दिवशी गोळी विसरली, तर साठ्यात फारशी घट होत नाही, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी येणारा गळाठा बहुधा अन्य कारणाचा असतो.

औषधापेक्षाही संथ असते ते त्याचे मोजमाप. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील थायरॉक्सिनवर लक्ष ठेवते आणि ते कमी वाटल्यास टीएसएच नावाचे उत्तेजक संप्रेरक अधिक सोडून अवटू ग्रंथीला कामाला लावू पाहते. अहवालात टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की ग्रंथी जास्त काम करू लागली असा समज अनेक घरांत होतो. वस्तुस्थिती उलट असते, कारण तो वाढलेला आकडा तुटवड्याची खूण असतो. प्रौढांमध्ये साधारणपणे ०.४ ते ४.५ हा या आकड्याचा निरोगी पल्ला मानतात, प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक पडतो. पीयूषिकेची संवेदनशीलता विलक्षण आहे: थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट नव्हे, तर सुमारे शंभरपट वाढू शकते. त्यामुळे आकडा ६ वरून ३ वर आला म्हणजे प्रकृती दुपटीने सुधारली, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय नव्या पातळीशी जुळवून घेण्यास पीयूषिकेलाही काही आठवडे लागत असल्यामुळे मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी असा संकेत आहे. तिसऱ्या आठवड्यात घाईने केलेली तपासणी अर्ध्या वाटेवरचा आकडा दाखवते. तो पाहून मात्रा पुन्हा बदलली, तर सहाव्या आठवड्यात ती गरजेपेक्षा जास्त ठरते, मग कमी करावी लागते, आणि रुग्ण वर्षभर या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहतो.

आता थकव्याकडे वळता येईल, आणि येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण या लक्षणाइतके दिशाभूल करणारे लक्षण या आजारात दुसरे नाही. तुटवड्याचा थकवा जडपणाचा असतो: अंग आंबल्यासारखे होते, थंडी जास्त वाजते, झोप पुरेशी होऊनही उठताना ताजेपणा नसतो, शब्द आठवायला वेळ लागतो, शौचाला साफ होत नाही. पण गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तरीही माणूस थकतोच. तेव्हा हृदय धडधडते, झोप तुटक होते, हात थरथरतात, घाम सुटतो आणि मांड्या व दंडांचे स्नायू इतके अशक्त होतात, की जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना आधार लागतो. ‘थकवा आहे’ एवढ्याच माहितीवरून मात्रा कोणत्या दिशेला हलवावी हे सांगता येत नाही. तरीही थकवा जाणवला की स्वतःच अर्धी गोळी वाढवण्याची प्रवृत्ती पुष्कळ दिसते, आणि ती धोक्याची आहे. अधिक मात्रा दीर्घकाळ चालू राहिल्यास, विशेषतः उतारवयात, हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

या संदर्भात पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग बोलका आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ५६ रुग्णांना आठ-आठ आठवडे कमी, मध्यम आणि जास्त अशा, एकमेकींपासून २५ मायक्रोग्रॅमच्या अंतरावरच्या तीन मात्रा आलटून-पालटून दिल्या गेल्या, आणि कोणत्या काळात कोणती मात्रा चालू आहे हे रुग्ण किंवा डॉक्टर यांपैकी कोणालाही सांगितले नव्हते. टीएसएचचे आकडे अपेक्षेप्रमाणे बदलले. पण लक्षणांत, उत्साहात किंवा जीवनमानात मोजता येईल असा फरक पडला नाही. रुग्णांचा थकवा काल्पनिक होता असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. मात्रेच्या अशा लहान बदलातून थकवा आटोक्यात येईल ही अपेक्षा बहुधा जास्त असते, आणि तो तरीही टिकून राहिला तर त्याचे कारण अन्यत्रही शोधायला हवे, एवढे मात्र त्यातून समजते.

मात्रा तीच ठेवून केवळ गोळीची घडण बदलली, तर काय होते याचा मोठा अनुभव दोन देशांनी घेतला आहे. न्यूझीलंडमध्ये २००७ च्या सुमारास तेथील प्रचलित लिव्होथायरॉक्सिन गोळीचे उत्पादनस्थान आणि घडण बदलली. मूळ औषध तेच राहिले. आधीच्या तीस वर्षांत या गोळीविषयी दुष्परिणामांच्या अवघ्या १४ नोंदी झाल्या होत्या, त्या पुढच्या दीड वर्षात १४०० च्या वर गेल्या. दूरचित्रवाणीवरील बातम्यांत जी लक्षणे सांगितली गेली, नेमक्या त्याच लक्षणांच्या नोंदी बातम्यांनंतर वाढल्या, असे संशोधकांना पुढे आढळले. अपाय होईल या धास्तीने खरोखरच त्रास जाणवू लागणे याला वैद्यकात नोसिबो परिणाम म्हणतात, आणि न्यूझीलंडचे उदाहरण त्यासाठी वारंवार दिले जाते.

फ्रान्समध्ये घडले ते मात्र एवढ्यावर संपत नाही. तेथे सुमारे ३० लाख लोक मर्क कंपनीची लेव्होथायरॉक्स ही गोळी घेत असत. साठवणुकीच्या काळात औषधाचे प्रमाण अधिक स्थिर राहावे, या तेथील औषध-नियामक संस्थेच्या मागणीनुसार कंपनीने गोळीतील लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल वापरले, आणि मार्च २०१७ च्या अखेरीस नवी गोळी जुनीच्या जागी आली. हेतू रुग्णांच्या हिताचाच होता. पण काही महिन्यांत थकवा, डोकेदुखी, केस गळणे, स्नायूंचे दुखणे अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला, लाखो लोकांच्या सह्यांचे निवेदन निघाले आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या घडणीची गोळी तात्पुरती आयात करावी लागली. नवी गोळी जुनीशी समतुल्य असल्याचा निष्कर्ष ज्या २०४ निरोगी व्यक्तींवरील चाचणीवरून काढला गेला होता, तिच्या आकड्यांचा काही शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये पुन्हा अभ्यास केला. तेव्हा सरासरी जुळत असली तरी निम्म्याहून अधिक व्यक्तींच्या बाबतीत दोन गोळ्यांमधील फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर जातो, असा त्यांचा दावा होता. त्यावर वादही झाला. २०२० मध्ये लिआँच्या अपील न्यायालयाने तीन हजारांहून अधिक रुग्णांना प्रत्येकी १००० युरो भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला, आणि २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या निकालाचा भर गोळीच्या घडणीवर नसून, घडण बदलल्याची माहिती रुग्णांपर्यंत नीट न पोहोचवण्यावर होता. हा भर योग्यच म्हटला पाहिजे. आपल्या शरीरात जन्मभर जाणारी वस्तू बदलली आहे हे माणसाला आधी सांगितले असते, तर त्याला सहा आठवडे वाट पाहण्याचे कारण कळले असते. न सांगता बदललेल्या गोळीने आलेल्या थकव्यात मात्र भीतीची भर पडली.

भारतात असा एकाएकी, देशव्यापी बदल झाला नसला, तरी लहान बदल रोज होतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत केलेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांमध्ये अवटू-न्यूनता आढळली होती, आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना तिची कल्पनाही नव्हती. थायरोनॉर्म, एलट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा अनेक नावांनी हे औषध मिळते, आणि एक नसेल तर दुकानदार दुसरे हाती ठेवतो, कारण आतले औषध एकच असते. नाव बदलणे म्हणजे संकट नव्हे. मात्र थायरॉक्सिनच्या बाबतीत पुरेशी आणि जास्त मात्रा यांतील अंतर थोडे असल्यामुळे शक्य तोवर एकाच कंपनीची गोळी घ्यावी, आणि बदलावीच लागली तर तो दिवस लिहून ठेवून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावे, हा साधा नियम पाळण्याजोगा आहे.

पुष्कळदा तर बदल गोळीत झालेलाच नसतो, तो तिच्या आसपास झालेला असतो. पोटात गेलेल्या लिव्होथायरॉक्सिनपैकी साधारण ६० ते ८० टक्केच लहान आतड्यात शोषले जाते, आणि तेही पोट रिकामे असेल तर. म्हणून सकाळी उठल्यावर साध्या पाण्यासोबत गोळी घेऊन पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये असे सांगतात. मराठी घरांत अडचण येते ती नेमकी येथेच, कारण उठल्याबरोबर दुधाचा चहा हा दिवसाचा पहिला विधी असतो आणि गोळी पुष्कळदा त्याच्याच घोटाबरोबर गिळली जाते. गुडघेदुखीसाठी नव्याने सुरू झालेली कॅल्शियमची गोळी, रक्त कमी आहे म्हणून दिलेले लोह, पित्तासाठी रोज घेतले जाणारे आम्लरोधक औषध, सोयाबीनचे पदार्थ, कॉफी या सर्वांमुळे शोषण घटते. कॅल्शियम आणि लोह यांच्यात व थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे. ज्यांना पहाटे कामाला निघावे लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. महत्त्व आहे ते वेळ आणि पद्धत रोज सारखी ठेवण्याला. उष्णता, ओल आणि उजेड यांनीही हे औषध हळूहळू निकामी होते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात शेगडीजवळच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवलेली बाटली घरातील थंड, कोरड्या कपाटात हलवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

सगळे नियम पाळून, सहा-आठ आठवडे थांबून टीएसएच पल्ल्यात आले आणि तरीही थकवा गेला नाही, असे सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांच्या बाबतीत घडते. ‘अहवाल उत्तम आहे’ या वाक्याने त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. आकडा जुळल्यानंतरही स्नायू, त्वचा आणि मनःस्थिती पूर्ववत व्हायला आणखी काही महिने लागू शकतात, हे पहिले. दुसरे असे, की थकव्याची इतर कारणे अवटूच्या आजाराच्या आडोशाने दडून राहतात: रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य. अवटू-न्यूनतेचे एक प्रमुख कारण असलेल्या हाशिमोतो विकारात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते, आणि अशा माणसांत याच जातीचे इतर विकार होण्याची शक्यता अधिक असते. गव्हातील ग्लूटेन न सोसणारा सीलिअॅक विकार आणि अधिवृक्क ग्रंथी निकामी करणारा अॅडिसनचा विकार हे त्यांपैकी होत. थायरॉक्सिन वाढवल्यावर बरे वाटण्याऐवजी चक्कर, उलट्या आणि वजनातील घट वाढत गेली, तर अॅडिसनच्या विकाराची शंका तातडीने तपासावी लागते, कारण तो ओळखला न जाता मात्रा वाढत राहणे जिवावर बेतू शकते.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक विवेक हवा. टीएसएच थोडेच वाढलेल्या, ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभर लिव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांचा थकवा औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेला आढळला नाही. टी-४ सोबत टी-३ ची गोळी द्यावी काय, हा प्रश्नही जुना आहे: १९९९ मधील एका लहान प्रयोगात अशा जोडउपचाराने मनःस्थिती सुधारल्याचे दिसले होते, पण नंतरच्या बहुतेक प्रयोगांत तो लाभ पुन्हा सापडला नाही. टी-३ चा अर्धायुकाल एखाद्याच दिवसाचा असल्यामुळे त्याचे प्रमाण दिवसभर वरखाली होते. निवडक रुग्णांवर तज्ज्ञ आजही तो उपचार काळजीपूर्वक करून पाहतात. स्वतःहून सुरू करण्याचे ते औषध नव्हे.

प्रतीक्षेचे आठवडे प्रत्यक्ष कसे काढावेत, याचे उत्तर औषधशास्त्रात कमी आणि घरात अधिक आहे. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी पटीने अधिक होतो, आणि ज्या घरात पहाटेच्या डब्यापासून रात्रीच्या ओट्यापर्यंतचे काम एकाच स्त्रीवर असते, तेथे तिचा थकवा आळस म्हणून मोजला जातो. मात्रा बदलल्याचा दिवस घरात सर्वांना सांगणे आणि त्यानंतरच्या दीड महिन्यासाठी कामांची वाटणी बदलणे हे म्हणूनच मदत या सदरात नव्हे, उपचार या सदरात मोडते. दिवसाच्या ज्या प्रहरी अंगात त्यातल्या त्यात बळ असते त्या वेळी अवघड कामे उरकणे, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती घेणे, पूर्ण अंथरूण धरण्याऐवजी रोज थोडे चालणे आणि ते दमछाक होण्याआधी थांबवणे यांनी स्नायू सैलावत नाहीत आणि रात्रीची झोप बिघडत नाही. छातीत दुखणे, थांबत नसलेली धडधड, दम लागणे, किंवा उलट अंग गार पडून गुंगी व गोंधळ वाढत जाणे यांपैकी काही दिसले, तर सहा आठवड्यांचा नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदरपणही असाच अपवाद आहे. पहिल्या काही महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो आणि मात्रेची गरज साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने वाढते, म्हणून गर्भधारणा कळताच डॉक्टरांशी बोलून मात्रा वाढवतात आणि पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी रक्त तपासतात.

इतर सर्वांसाठी तपासणीचा दिवस नीट साधणे तेवढे राहते. टीएसएच दिवसाच्या वेळेनुसार बदलते आणि गोळी घेतल्यानंतर काही तास रक्तातील थायरॉक्सिन तात्पुरते वर जाते, म्हणून रक्त शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, सकाळी त्याच सुमारास, गोळी घेण्यापूर्वी द्यावे. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन काही चाचण्यांचे आकडे खोटे पाडते, ते डॉक्टरांना सांगून किमान दोन दिवस आधी थांबवावे. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची बाटली, जुने अहवाल आणि झोप, नाडी, वजन व थकवा यांची आठवडावार नोंद जवळ असली, तर मात्रा कमी पडते आहे, जास्त होते आहे, की थकव्याचे मूळ दुसरीकडे आहे, हे ठरवणे त्यांना सोपे जाते. मात्रा पुन्हा बदलली गेली, तर त्या दिवसापासून सहा आठवड्यांची मोजणी नव्याने सुरू होते.